साठ्याचा आकडा अंदाजपंचे नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्चअखेर आली की व्यापारी पेठांत ‘यंदा साठा किती दाखवायचा?’ हा प्रश्न हटकून ऐकू येतो. वर्षाची विक्री माहीत असते, खरेदी माहीत असते, गेल्या वर्षी विक्रीवर आठ टक्के ढोबळ नफा दाखवलेला असतो. मग यंदाही आठ टक्के बसेल असा शिल्लक मालाचा आकडा मागून काढला जातो आणि ताळेबंदात टाकला जातो. गोदामाचे कुलूप उघडलेच जात नाही. शिल्लक मालाची किंमत लावायला फिफो (आधी आलेला माल आधी गेला असे धरणारी पद्धत) चांगली की भारित सरासरी (सगळ्या खरेदीचा नगांच्या प्रमाणात काढलेला एक दर), ही चर्चा या सवयीपुढे फार पुढची आहे. तरी दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

आधी मागून काढलेल्या आकड्याचे काय होते ते पाहू. विक्री 2 कोटींची, खरा ढोबळ नफा 6 टक्के, दाखवला 8 टक्के. म्हणजे दरवर्षी 4 लाखांचा माल फक्त कागदावर वाढतो. पाच वर्षांत तो 20 लाख होतो. न मिळालेल्या नफ्यावर कर भरलेला असतोच, शिवाय उद्या जीएसटीची तपासणी आली आणि वहीतला माल गोदामात सापडला नाही, तर तो बिलाविना विकला असे धरून कर मागण्याची तरतूद केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 35(6) मध्ये आहे. चोरी, तूट, उंदरांनी फोडलेली पोती, चुकून दोनदा नोंदलेले बिल, सगळे त्या आठ टक्क्यांखाली गाडले जाते आणि मालकाला कधी कळतच नाही.

आता पद्धतींकडे. खाद्यतेलाच्या घाऊक दुकानाचे साधे गणित घेऊ. वर्षारंभी 200 डबे शिल्लक, दर 1,600 रुपये. मग 300 डबे 1,800 ने घेतले, पुढे आणखी 300 डबे 2,100 ने. वर्षभरात 600 डबे विकले, सरासरी 2,050 ने, म्हणजे विक्री 12,30,000. उरले 200.

फिफोत आधी आलेला माल आधी गेला असे धरतात. उरलेले 200 डबे शेवटच्या खरेदीतले, किंमत 4,20,000 आणि ढोबळ नफा 1,60,000. वर्षाच्या एकत्रित भारित सरासरीने एकूण 14,90,000 भागिले 800, म्हणजे डब्याला 1,862.50, शिल्लक 3,72,500, नफा 1,12,500. लिफोत, म्हणजे शेवटी आलेला आधी गेला असे धरले तर, वर्षअखेरच्या हिशेबाने 200 डबे जुन्या 1,600 च्या दरानेच उरतात. शिल्लक 3,20,000, नफा 60,000. डबे तेच, ग्राहक तेच, नफ्यात एक लाखाचा फरक.

इथे एक बारकावा पुष्कळदा सुटतो. सरासरी दोन प्रकारची असते. वर घेतली ती वर्षाची एकच सरासरी. दुसरी चालती सरासरी, जी प्रत्येक खरेदीनंतर नव्याने काढतात. याच उदाहरणात समजा दुसऱ्या खरेदीआधी 350 डबे विकले गेले होते. 1,800 च्या खरेदीनंतर 500 डब्यांची सरासरी 1,720. त्यातले 350 गेले, 150 उरले, त्यांची किंमत 2,58,000. त्यात 2,100 चे 300 डबे आले: 450 डबे, 8,88,000 रुपये, दर 1,973.33. पुढे 250 विकले, उरले 200, किंमत सुमारे 3,94,667. एकाच ‘भारित सरासरी’ या नावाखाली 22,167 रुपयांचा फरक पडला. म्हणून हिशेबाच्या टिपेत नुसते ‘सरासरी’ लिहून भागत नाही. चालती की वर्षाची, हे लिहिले पाहिजे. फिफोचा हा एक मोठा गुण की विक्री कोणत्याही क्रमाने लावा, अखेरचा आकडा तोच येतो.

लिफोचा नफा कमी दिसतो म्हणून कुणाला मोह झाला तर त्याने थांबावे. भारतात साठ्याच्या मूल्यांकनाचे नियम सांगणारे लेखामानक 2, मोठ्या कंपन्यांसाठीचे इंड-एएस 2 आणि आयकरासाठीचे आयसीडीएस-2, तिन्हींत लिफोला जागा नाही. एकमेकांशी अदलाबदल होऊ शकणाऱ्या मालासाठी फिफो किंवा भारित सरासरी, आणि वेगवेगळ्या ओळखता येणाऱ्या वस्तूंसाठी त्या त्या वस्तूची प्रत्यक्ष किंमत, एवढेच मार्ग आहेत. अमेरिकेत लिफो करासाठीही चालते, पण तिथे करासाठी लिफो घेतली तर भागधारकांना दाखवायच्या हिशेबातही तीच वापरावी लागते. आपल्याकडे तो पर्यायच नाही. तरी गोंधळ होतो, आणि त्याचे एक कारण दुकानांत सर्रास वापरले जाणारे टॅली सॉफ्टवेअर. वस्तू उघडताना मूल्यांकनाच्या यादीत सरासरी, फिफो, शेवटचा खरेदीदर, प्रमाण दर यांच्या शेजारी लिफोही निवडायला मिळते. यादीत नाव आहे म्हणजे कायद्यात चालते असे अनेकांना वाटते. ‘शेवटचा खरेदीदर’ हाही तसाच फसवा पर्याय. 5 मार्चला 20 डबे 2,250 ने आले, तर गोदामातले सगळे डबे 2,250 चे होऊन बसतात, आणि ती कोणतीही मान्य पद्धत नव्हे.

मुळात कमी साठा दाखवून कर ‘वाचतो’ हा समज अर्धवट आहे. यंदाचा अखेरचा साठा पुढल्या वर्षाचा आरंभीचा साठा होतो. आज एक लाखाने कमी दाखवला तर तो लाख माल विकला जाईल त्या वर्षी नफ्यात उगवतोच. कर पुढे ढकलला जातो, माफ होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने चैनरूप संपतराम प्रकरणात 1953 मध्येच सांगितले की अखेरच्या साठ्याची किंमत लावणे हा नफा ठरवण्याचाच आवश्यक भाग आहे. संभाव्य तोटा त्यात धरता येतो, संभाव्य नफा नाही.

त्यातूनच ‘खरेदीकिंमत किंवा निव्वळ विक्रीमूल्य, यांतली कमी ती’ हा नियम येतो. निव्वळ विक्रीमूल्य म्हणजे अपेक्षित विक्रीदर वजा माल पूर्ण करण्याचा आणि विकण्याचा खर्च. वरच्या उदाहरणात 31 मार्चला बाजारभाव 2,000 असेल आणि दलाली, हमाली, पोहोच मिळून डब्याला 40 रुपये जाणार असतील, तर ते 1,960 होते. मग फिफोचा 2,100 आणि चालत्या सरासरीचा 1,973.33, दोन्ही 1,960 वर उतरतात आणि शिल्लक 3,92,000 होते. वर्षाच्या सरासरीचे 1,862.50 आधीच खाली आहेत, ते तसेच राहतात. भाव उतरतात तेव्हा पद्धतींतले अंतर असे कमी होते, ही गोष्ट पाठ्यपुस्तकी तुलनेत क्वचितच दाखवली जाते.

हा नियम वस्तूनिहाय लावायचा असतो. तेलात 28,000 चा तोटा आणि साखरेत 30,000 ची वाढ, म्हणून एकूण साठ्याला धक्का नाही, असे चालत नाही. तोटा धरायचा, वाढ सोडायची. कच्च्या मालाला मात्र सवलत आहे: त्यापासून होणारा पक्का माल खर्चाइतक्या किंवा जास्त भावाने विकला जाणार असेल, तर कच्च्या मालाचा भाव पडला तरी त्याची किंमत उतरवायची नाही. आणि तारीख 31 मार्चचीच धरायची. खाद्यतेलाचे भाव सरकारी निर्णयाने एका रात्रीत हलतात. 14 सप्टेंबर 2024 पासून कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के झाले आणि मे 2025 च्या अखेरीस ते 10 टक्क्यांवर आणले गेले. असा बदल वर्ष संपल्यावर झाला तर ती नव्या वर्षातली घटना आहे. तिचा आधार घेऊन मागचा साठा उतरवता येत नाही. 31 मार्चला असलेलीच परिस्थिती पुढच्या विक्रीने पक्की झाली, उदाहरणार्थ आधीच खवट झालेला माल एप्रिलमध्ये निम्म्या भावाने गेला, तर ते धरायचे.

पद्धत कोणतीही घ्या, दर चुकीचा असेल तर सगळे व्यर्थ. मालाच्या किमतीत बिलाची रक्कम, आवक भाडे, हमाली, तोलाई, बाजार समितीचा सेस हे येते; व्यापारी सूट आणि रिबेट वजा होते. विक्रीचा खर्च, ऑफिसचा खर्च, अवाजवी नासाडी येत नाही. गोदामभाड्याबाबत तासगाव-सांगलीच्या बेदाणा व्यापाऱ्यांची हमखास चूक होते. तयार बेदाणा भावाची वाट पाहत शीतगृहात सहा महिने पडला, तर त्याचे भाडे बेदाण्याच्या किमतीत मिळवायचे नाही, ते त्या वर्षाच्या खर्चात जाते. नाशिककडच्या वाइननिर्मात्याचे तसे नाही. वाइन पिंपात मुरणे हा उत्पादनाचाच टप्पा असल्याने तेवढ्या काळाचा साठवणखर्च किमतीत येतो.

औषधांच्या आणि किराण्याच्या स्कीमचा माल हे दुसरे दुखणे. दहावर एक फुकट आला की दहा नग 90 रुपयांचे आणि अकरावा शून्याचा, असे नोंदवतात. खरा दर 900 भागिले 11, म्हणजे 81.82. फुकटचे नग वेगळ्या नोंदीत शून्याने राहिले की एकाच औषधाचे दोन दर चालतात, आणि फिफोत कधी शून्याचा नग आधी जातो, कधी नव्वदचा. नफ्याची टक्केवारी महिन्यागणिक उड्या मारते आणि कारण सापडत नाही.

जीएसटीबद्दल थोडक्यात. खरेदीवरच्या ज्या कराची वजावट (इनपुट टॅक्स क्रेडिट) मिळते तो लेखामानकाप्रमाणे मालाच्या किमतीत धरत नाहीत, पण आयकर कायद्याप्रमाणे (1961 च्या कायद्यात कलम 145अ) खरेदी, विक्री आणि साठा तिन्ही करासह मांडायचे. तिन्हीकडे नीट मांडले तर नफ्यावर परिणाम होत नाही; फक्त साठ्यात मिळवला आणि खरेदीत विसरला तर होतो. हरवलेला, चोरीला गेलेला, नष्ट झालेला किंवा वहीतून काढून टाकलेला माल असेल तर केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 17(5)(ह) प्रमाणे त्यावर घेतलेली ही वजावट उलटवावी लागते. नुसता भाव उतरल्याने किंमत कमी लावली तर माल हातात असतो, तिथे हा प्रश्न येत नाही.

मग कुणी काय घ्यावे? तेल, साखर, सिमेंट, धान्य यांसारख्या एकमेकांत मिसळणाऱ्या मालाला भारित सरासरी बरी. भावाची झोके घेणारी चाल ती शांत करते आणि नोंदी सोप्या राहतात. बॅच नंबर आणि मुदत असलेल्या औषधांना फिफो जवळची, कारण माल खरोखरच जवळपास त्याच क्रमाने जातो. बिल्डरच्या सदनिका, वापरलेल्या गाड्या, हिरेजडित दागिने यांना प्रत्यक्ष किंमतच हवी. हजारो जिन्नस असलेल्या किराणा दुकानाला विक्रीदरातून नफ्याची टक्केवारी वजा करण्याची किरकोळ पद्धत वापरता येते, पण गटवार: साखरेचा नफा वेगळा, साबण-शाम्पूचा वेगळा, आणि त्याआधी प्रत्यक्ष मोजणी. पत्राच्या सुरुवातीला सांगितलेल्या मागून काढलेल्या आकड्याशी तिची गल्लत करू नये.

सराफांचे जरा थांबून पाहायला हवे. साध्या सोन्याला सरासरी किंवा फिफो चालते, पण सरासरी शुद्ध वजनावर काढली पाहिजे. 100 ग्रॅम 22 कॅरेटच्या दागिन्यात 91.6 ग्रॅम शुद्ध सोने असते. ग्राहकाकडून आलेली मोड 80-85 टक्क्यांची असू शकते. 995 ची बिस्किटे, 916 चे दागिने आणि मोड एकूण वजनावर एकत्र करून दर काढला की सरासरी खाली येते आणि साठ्याचे मूल्य खोटे पडते. मजुरी आणि घट स्वतंत्र खात्यात ठेवून तयार दागिन्यात मिळवावी. 23 जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचे आयात शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आले आणि भाव लगोलग पडले. त्या पडझडीचा आधार घेऊन मार्च 2025 अखेर साठा उतरवणे बसत नव्हते, कारण तोवर भाव जुलैच्याही वर गेले होते. वर्षाच्या मधली खाच 31 मार्चला मोजत नाहीत.

सहकारी साखर कारखान्यांचा प्रश्न निराळाच आहे. तिथे फिफो की सरासरी यापेक्षा पोत्यावर कोणता खर्च चढवायचा हे कळीचे. स्थिर उत्पादनखर्च 12 कोटी आणि सामान्य उत्पादन 6 लाख क्विंटल असेल तर क्विंटलला 200 रुपये बसतात. दुष्काळात ऊस कमी आला, 4 लाख क्विंटलच साखर झाली, म्हणून 300 रुपये चढवायचे नाहीत. 200 च चढवायचे आणि उरलेले 4 कोटी त्याच वर्षाच्या तोट्यात न्यायचे. तसे न केल्यास गाळप जितके वाईट, तितकी गोदामातली साखर कागदावर महाग होत जाते. मळी आणि बगॅस (उसाचा चोथा) हे दुय्यम पदार्थ असतील तर त्यांचे निव्वळ विक्रीमूल्य साखरेच्या खर्चातून वजा करतात. पण बी-हेवी मळी (जिच्यातली साखर पूर्ण काढलेली नसते ती) मुद्दाम इथेनॉलसाठी काढली जात असेल, तर तिला ‘दुय्यम’ म्हणणे माझ्या मते बरोबर नाही. साखर आणि मळीत खर्च त्यांच्या विक्रीमूल्याच्या प्रमाणात वाटला पाहिजे, नाहीतर साखरेच्या आणि इथेनॉलच्या फायद्याचे चुकीचे चित्र सभासदांपुढे येते.

सॉफ्टवेअरमध्ये सर्वात जास्त बिघाड ऋण साठ्याने होतो. माल आला, विकला, पण खरेदीचे बिल आठ दिवसांनी नोंदले. मधल्या काळात साठा उणे होतो आणि विक्रीचा खर्च कुठल्या तरी जुन्या दराने पडतो. शंभर जिन्नसांत हे झाले की सरासरी कुणालाच पटवून देता येत नाही. महिन्यातून एकदा उणे साठ्याची यादी काढून खरेदीच्या तारखा दुरुस्त कराव्यात. खरेदी क्विंटलमध्ये आणि विक्री पोत्यात असेल तर रूपांतराचे प्रमाण तपासावे. 50 किलोचे पोते 48 भरते तेव्हा घट तिथूनच सुरू होते.

मोजणीच्या दिवशी मालाची ये-जा थांबवावी. आवकेचा शेवटचा क्रमांक आणि विक्रीचे शेवटचे बिल लिहून घ्यावे. मोजणाऱ्या दोघांच्या हाती वहीतला आकडा देऊ नये, नाहीतर मोजणी आकड्याला जुळवून घेते. काही पोती प्रत्यक्ष काट्यावर घालावीत. अडत्याकडे पडलेला आपला माल आपल्या साठ्यात आणि आपल्याकडे विक्रीसाठी आलेला परका माल बाहेर. बिल नोंदले पण ट्रक वाटेत असेल, तर तो मार्गस्थ साठ्यात. मोजणी 5 एप्रिलला झाली तर मधली आवक वजा आणि जावक अधिक करून 31 मार्चला परत यावे, आणि तो कागद जपून ठेवावा.

मालावर कर्ज देणाऱ्या बँकेला द्यायच्या मासिक साठा-स्टेटमेंटचेही सांगायला हवे. साठा 40 लाख, मालाचे देणे 12 लाख, मार्जिन (बँक कर्ज न देता वगळते तो हिस्सा) 25 टक्के, तर उचलमर्यादा 21 लाख. साठा विक्रीदराने 46 लाख लिहिला की ती साडेपंचवीस होते. लोक हे सर्रास करतात आणि वहीत मात्र 40 च ठेवतात. कारो 2020 (कंपन्यांच्या लेखापरीक्षण अहवालाबाबतचा केंद्राचा आदेश) लागू असलेली कंपनी असेल आणि चालू भांडवलाची मर्यादा 5 कोटींवर असेल, तर तिमाही विवरणांतली अशी तफावत लेखापरीक्षकाला अहवालात लिहावीच लागते. लहान व्यापाऱ्याला ती पुढे कर-निर्धारणात दोन आकड्यांचा खुलासा मागते. बँकेला आणि आयकराला एकाच पद्धतीचा एकच आकडा द्यावा.

पद्धत बदलता येते, पण सबळ कारण हवे आणि नफ्यावर किती परिणाम झाला ते लिहून द्यावे लागते. दरवर्षी सोयीची ती पद्धत, हे मान्य नाही.

आपल्या अर्थविषयक पानाने मार्चपूर्वी एखादा रकाना या गणितांना द्यावा, व्यापारी संघटनांनी फेब्रुवारीतच मोजणीचे प्रात्यक्षिक घ्यावे, आणि सॉफ्टवेअर कंपन्यांनी भारतीय आवृत्तीत लिफो निवडल्यावर निदान इशारा दाखवावा, ही विनंती. कॉस्टिंगच्या वर्गांत फिफो, लिफो आणि सरासरी एका रांगेत शिकवतात. तिथेही पहिल्याच तासाला कोणती पद्धत ताळेबंदात चालते ते फळ्यावर लिहावे.

आपला नम्र,
एक कॉस्ट अकाउंटंट वाचक, सांगली